निळ्या चोचीचे दोन साक्षीदार

२ जानेवारी

तळ्यावरच्या पहारेकऱ्याचा फोन! "काका, ते पांढऱ्या डोक्याचं, निळ्या चोचीचं बदक आलंय. एकटंच आहे. वारा फिरला की जाईल." बावीस वर्षं वाट पाहतोय मी त्याची. आणि आलं कधी, तर गुरुवारी माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन! उजवा मागच्या ऑपरेशनात गेला तो गेलाच. हाही गेला तर — नको. असलं लिहू नये.

३ जानेवारी

तळ्यावर जाऊ का, मुलीला विचारलं. विचारायलाच नको होतं.

"डोळ्यात धूळ गेली म्हणजे? बाबा, बदक काय पळून चाललंय?"

पळूनच चाललंय ना!

४ जानेवारी

राहवलं नाही. शेवटी माझ्या पक्षी बघणाऱ्या दोस्ताला, शिंप्याला फोन केला. तो सोबत नसला तर पक्षी आमच्या नोंदवहीत जात नाही. आमचा नियम — दोघांनी पाहायचं, दोघांनी सही करायची. मी चौथीत शाळा सोडलेला पंपवाला, तो सुईदोऱ्याचा. एकट्याच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार?

"तू ठार आंधळा व्हायच्या आत नेतो तुला," म्हणाला. मेल्याच्या जिभेला हाड नाही.

५ जानेवारी, गुरुवार

मुलगी नऊला कामावर गेली. साडेबाराला येऊन दवाखान्यात नेणार. थेंब घातले नि निघालो. बस वीस मिनिटं उशिरा! शिंप्याने माझा दंड असा घट्ट धरला की कळ आली. मला सांभाळतोय बिचारा.

पहारेकरी जागेवर नव्हता. "मोडक्या नावेपाशी बघा," असं त्याने फोनवर सांगितलं होतं. नाव सापडली. पुढे सगळं धुरकट. काहीतरी पांढरं — डोकं? की पाण्याची चमक? परतीच्या बसला दहा मिनिटं. वाट पाहून पाहून शेवटी तोंडातून निघालंच, "ते बघ! नावेच्या डावीकडे!"

शिंप्याने दुर्बीण लावली. "हो की रे! काय निळी चोच आहे!"

जिवात जीव आला. म्हणजे होतं! तिथेच सह्या केल्या.

बारा वीसला घरी. बूट पुसले, तरी मुलीने पाहिलंच — "हे गवत कसलं, बाबा?" निघतो आता. जे व्हायचं ते होवो. निळी चोच पाहून झाली.

७ जानेवारी

पट्टी काढली. दिसतंय! मुलीचे किती केस पांढरे झालेत! मला पत्ताच नव्हता.

वही काढली. गुरुवारची शिंप्याची सही ओळ सोडून तारखेवर चढलेली. मागची पानं चाळली. वर्षापूर्वीची ओळीखाली घसरलेली. दोन वर्षांपूर्वीची सरळ, मशीनची शिलाई जशी. तिन्ही सह्या पुन्हा पाहिल्या.

८ जानेवारी

शिंपी भेटायला आला. उंबऱ्याला ठेचकाळला. विचारलंच — "गुरुवारी तुला खरंच दिसलं होतं?"

त्याने हाताने चाचपत खुर्ची ओढली. मग म्हणाला, "तू दिसलं म्हणालास ना? मग मी कशाला नाही म्हणू?"

आणि मी त्याच्या 'हो' वर सही केली होती.

नोंद खोडली. खाली लिहिलं — 'मंगळवार, सकाळी दहा. शिंप्याचे डोळे दाखवणे.' दोघांनी सही केली. त्याची सरळ यावी म्हणून मी ओळीखाली बोट धरलं.