जुलैचा शिक्का

मनामा, ८ नोव्हेंबर २०२४

प्रिय शिवू,

अनेक आशीर्वाद. फराळाचा डबा पोचला. अनारसे त्यांच्या सित्रातल्या तेलाच्या रिफायनरीत पाइपच्या सांध्याला गॅस्केट म्हणून चालतील, असं तुझ्या वरुणभावजींचं मत; तरी पाच त्यानेच खाल्ले. आम्ही मजेत.

कागदावर लिहिते आहे, कारण माझं व्हॉट्सअ‍ॅप तेजूच्या टॅबवरही उघडतं आणि फोनवर बोलायला फ्लॅटच्या भिंती पातळ आहेत. ऑफिसातले नजीबभाई उद्या सुट्टीवर रत्नागिरीला चाललेत, मुंबईतून कुरिअर करतील.

तेजूला शाळेत सध्या ग्रीक देव आहेत. प्रश्न असा, की प्राचीन ग्रीकांना पुराणकथा कशाला लागत? बाईंनी यादीच दिली आहे : जग कसं झालं, ऋतू का बदलतात, अमुक शहर कोणी वसवलं, अमुक विधी का करायचा. मी म्हटलं, हे आपल्या सत्यनारायणासारखंच की. वाण्याची मुलगी प्रसाद न घेता धावली म्हणून नवऱ्याची नाव बुडाली, सबब पूजा करा. वरुण म्हणाला, प्रोजेक्ट तूच लिही.

तिने डिमिटर निवडली, धान्याची देवी. पाताळाचा राजा तिची मुलगी पळवतो, तर ही बाई सगळी जमीन नापीक करून ठेवते. शेवटी तडजोड होते. मुलीने खाली डाळिंबाचे दाणे खाल्लेले, म्हणून वर्षातले काही महिने ती पाताळात, बाकीचे आईकडे. ती नसते तेव्हा पीक नाही. या कथेवर तिकडे मोठं गुप्त व्रतही चाले म्हणे. तेजू म्हणाली, “पण ही स्टोरी होती कोणासाठी? ऋतूंसाठी, की मुलगी गेलेल्या आयांसाठी?”

बारा वर्षांच्या पोरीने असलं विचारू नये.

प्रोजेक्टचा दुसरा भाग : आपल्या घरात पुन्हा पुन्हा सांगितली जाणारी गोष्ट लिहा, आणि ती का सांगतात तेही. तिने स्वतःच्या जन्माची घेतली. दर वाढदिवसाला मी सांगते तीच. मी बाळंतपणाला माहेरी साताऱ्याला आले, पोवई नाक्यावर रिक्षा बंद पडली, आईने आणि रिक्षावाल्याने ढकलत दवाखान्यात नेली. शिवू, रिक्षा खरी आहे. कळा तुझ्या होत्या. मी इथे ऑफिसात बसून फोनवर ऐकत होते.

तुझ्या सासूबाईंना दुसरीही मुलगीच झाल्याचं दुःख, आईला मला काहीच होत नसल्याचं. आईने दोन्ही दुःखांचा एकाच बारशात निकाल लावला आणि कधीही न सांगण्याची आपल्याकडून शपथ घेतली.

सोमवारी तेजूने वहीत शिक्क्यांच्या झेरॉक्स चिकटवायला माझा जुना पासपोर्ट काढला. जेवताना तो माझ्या ताटाशेजारी ठेवला. “आई, यात माझ्या जन्माच्या वर्षी तू जुलैत इंडियाला गेलीस. माय बर्थडे इज इन जून.”

जिच्या जिभेला अख्खं ऑफिस घाबरतं ती मी म्हणाले, “जेवून घे, आमटी गार होतेय.”

तेव्हापासून तिने विचारलेलं नाही. स्वतःचं ताट उचलते, थँक यू म्हणते. मला त्या थँक यूची भीती वाटते. ‘ही गोष्ट का सांगतात’ हे पान कोरं आहे आणि वही रविवारी, सतरा तारखेला द्यायची आहे.

आणखी एक. पाच वर्षं तू इकडे येईन म्हणतेस आणि मी कधी व्हिसा, कधी उन्हाळा, कधी वरुणची शिफ्ट पुढे करते. सगळं खोटं. व्हिसा आठवड्यात होतो. तुझे आणि तिचे कान एका साच्यातले आहेत. म्हणून तर सुट्टीतही मी तिला साताऱ्यात चार दिवसांवर ठेवत नाही.

आई गेली, शपथेतून सोडवायला आता तूच उरलीस. वही द्यायच्या आदल्या दिवशी, सोळा तारखेच्या शनिवारी संध्याकाळी मी तिला सांगणार आहे. तू नको म्हणालीस तरी सांगेन, पण नको म्हणू नकोस. फोन जवळ ठेव. ती तुला ‘का दिलंस’ विचारेल. त्याचं उत्तर मात्र बारा वर्षांत मला रचता आलेलं नाही.

त्यानंतर तिने मला मावशी म्हणून हाक मारली, तर ओ द्यायची तालीम करते आहे. स्वयंपाकघरात, एकटीच, हलक्या आवाजात. अजून ओ निघत नाही.

तुझी,
चारूताई