आनंदीबाईंच्या खाणावळीचा निःपक्षपाती अभिप्राय

सोमवार, ५ जानेवारी १९५९
वैताग आलाय. आज प्रेसमध्ये संपादक दाजींनी एका वाचकाचं पत्र समोर टाकलं. म्हणे, साप्ताहिकातलं माझं ‘चवीचा न्याय’ हे सदर पक्षपाती आहे, आनंदीबाईंच्या खाणावळीवर मी आकसाने लिहिलं. दाजी म्हणाले, “गुरुदासा, परत जेव, परत लिही. आणखी तक्रार इली तर सदर बंद.”
ह्या सदरामुळे वेंगुर्ल्यात मला ओळखतात. ते गेलं तर मी कोण? पोस्टातला कारकून.
आणि मी पक्षपाती? आमटी आंबट होती म्हणून आंबट लिहिलं. बाईंनी मला सुरमईचं शेपूट वाढलं आणि एस.टी.च्या कंडक्टरला मधली तुकडी, ह्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.
कोऱ्या मनाने परत जेवणार. उद्यापासून. आज सोमवार, मासे नाहीत.

मंगळवार, ६ जानेवारी
ओळखू येऊ नये म्हणून मफलर गुंडाळून गेलो. दारातच आनंदीबाई म्हणाल्या, “येवा गुरुदासभाव, सर्दी झाली काय?” वेषांतर फुकट. शेपूट. कोऱ्या मनालाही आमटी आंबटच लागली.

गुरुवार, ८ जानेवारी
बाकावर जागा नाही, ताटकळत उभा. मी एवढं लिहूनही ही गर्दी! लोकांना जीभच नाही. ठरवलं होतं, कंडक्टरच्या ताटाकडे बघायचं नाही. बघितलं. पाय दुखतायत.

शनिवार, १० जानेवारी
सुशीला विचारते, वाईट आहे तर रोज कशाला जाता? म्हटलं, संशोधन. म्हणाली, “मगे घरातलां जेवान कोण खातलो?” बायकोला पत्रकारिता समजावणं माझ्याच्याने होणार नाही.

मंगळवार, १३ जानेवारी
आज मधली तुकडी! कंडक्टर रजेवर, म्हणून त्याची मला. अहाहा! आमटी तर अप्रतिम. माझी टीका वाचून बाईंनी हात सुधारलेला दिसतो. घरी येऊन एका बैठकीत दोन कॉलम स्तुती लिहिली. तुकडीचा निकालाशी संबंध नाही.

शनिवार, १७ जानेवारी
छापून आलं. दाजींनी वाचून चष्मा काढून ठेवला. भारावले असणार.

शुक्रवार, २३ जानेवारी
संध्याकाळी आनंदीबाई घरी आल्या. वाटलं, आभार मानायला. खुर्ची पुसून दिली. बसल्या आणि डोळ्यांना पदरच लावला. आठवडाभर खाणावळीत माणूस फिरकलं नाही, मासे फुकट जातायत. “तुमी नावां ठेवल्यात तेव्हा बसाक जागा नव्हती. लोक म्हणतत, गुरुदासान वायट म्हटल्यान म्हंजे जेवान बरां आसतलां. पाया पडतंय, परत नावां ठेवा.”
मी सुशीलाकडे बघितलं. तिला हे ठाऊक होतं. अख्ख्या वेंगुर्ल्याला ठाऊक होतं!
तसाच दाजींकडे गेलो. म्हणाले, “सदर चालू ठेव रे. तुझ्याइतको भरवशाचो माणूस माका दुसरो मेळाचो नाय.”
आता टेबलाशी बसलोय. कागद कोरा. बाईचं पोट ह्यावर आहे, लिहायला तर हवंच. पण इतक्या चांगल्या जेवणाला वाईट कसं म्हणू? एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच खोटं लिहायचं आहे.