दादांच्या वतीनं हो

१२ सप्टेंबर, शुक्रवार
दादांचा बायोप्सीचा रिपोर्ट आला. प्रोस्टेटचा कॅन्सर. एका बाजूला, एकच गाठ. दुसरी बाजू स्वच्छ. कुंदाला वाचून दाखवला. दादा तिचा मोठा भाऊ, पण तिनंच वाढवल्यासारखं बोलते. "त्याले सांगू नका इतक्यात."
फोनवर सांगितलंच. सौंदडला, गावी, बांधावर होते. आमच्याकडे बहिणीचा नवराही जवाईच. म्हणाले, "बरं. सीझन तर निघते न, जवाईबापू?" सीझन म्हणजे दिवाळीनंतरच्या मंडया, गावोगावच्या जत्रा, त्यातली नाटकं, थेट होळीपर्यंत. जन्मभर राजाचं काम करत आले.
पेपरचा आरोग्याचा स्तंभ वेळेत पाठवला. विषय डेंग्यू.

१५ सप्टें., सोमवार
नागपूर. डॉक्टर वयानं तरुण, हिंदी-मराठी मिसळ बोलणारे. पूर्ण ग्रंथी न काढता नुसती गाठ जाळायची, असा उपचार आहे म्हणाले. पण माणूस निवडून घ्यावा लागतो. गाठ एकच हवी, एमआरआयमध्ये नीट दिसणारी, फार आक्रमक नको, रक्तातला पीएसए फार चढलेला नको. इथवर दादा बसतात.
पूर्ण ग्रंथी काढली तर काही महिने लघवी गळते, कुणाकुणाची कायम. पुरुषपण जायची भीती वेगळी. गाठच जाळली तर दोन्ही धोके कमी.
दादांनी एकच विचारलं, "चार घंटे उभा राहीन न, साहेब? धोतर कोरडं राहीन न?"
डॉ.ना कळलं नाही. मला कळलं. गेल्या मंडईत त्यांच्याच नाटक मंडळात प्रधानाचं काम करणाऱ्याचं धोतर भर दरबारात भिजलं. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतरचा त्याचा पहिलाच खेळ. मागून कुणी ओरडलं, "परधान मुतला रे!" शिट्ट्या. पुढच्या गावच्या पोस्टरवरून नाव गेलं. आता तो नाटक बघायलाही येत नाही.
त्या दिवशी विंगेत सगळ्यात मोठ्यानं दादाच हसले होते.

२२ सप्टें.
पुन्हा नागपूर. शेवटची अट राहिली होती, नंतरची देखरेख. ग्रंथी आतच राहणार, उरलेल्या भागात पुन्हा उगवू शकतो. ठरावीक महिन्यांनी रक्त, मग एमआरआय, मग पुन्हा बायोप्सी. त्रास नसला तरी. चुकवायचं नाही. "आओगे ना, दादा?"
दादांनी छाती काढली. "साहेब, माय वारली तवा माहा खेळ सुरू होता. सांगावा आला. तिसरा अंक करूनच घरी गेलो. शब्द दिला म्हंजे दिला."
गावात ही गोष्ट सांगितली की लोक पाया पडतात. डॉ.नी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. दादाही माझ्याकडे बघत होते. काम जमल्यासारखे हसत.

२४ सप्टें.
डॉ.चा फोन, मला. "गाठीच्या हिशेबानं पेशंट एकदम योग्य आहे. पण सीझनमध्ये नाही आला तर? अर्धवट उपचार करून सोडल्यासारखं होईल. शनिवारी आमची मीटिंग. तुम्ही खात्री द्या, मी यादीत नाव ठेवतो."
कुं. शेजारीच उभी. "हो म्हना न. तुमचं तोंड झिजते का?"

२५ सप्टें.
सौंदडला गेलो. दादा मिशीला कलप लावत होते. विचारलं, "डिसेंबरात तपासणी आली आणि त्याच दिवशी खेळ असला तर?"
"खेळ करून येईन."
"दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी खेळ असतो."
"मंग होळीनंतर."
"तोवर वाढला तर?"
"तुम्ही हो म्हना न, बापू. पुढचं मी पाहून घेईन."
"काय पाहाल?"
आरसा खाली ठेवला. "तुम्ही पेपरवाले. मानूस मरायच्या आधीच बातमी पक्की करून राहिले."
चहा न घेता निघालो. घेतला असता तर हो म्हणालो असतो.

२७ सप्टें., शनिवार
डॉ.चा फोन. म्हणालो, "आणायला मी प्रत्येक वेळी जाईन. ते येतील, असं मी सांगू शकत नाही."
मग, "समझ गया. थँक यू."
कुं.नं सगळं ऐकलं. "तुमचा भाऊ असता तर असंच म्हनले असते?"
बहुतेक असंच. तिनं ताट वाढलं आणि आत गेली.

३० सप्टें.
निवड नाही. पूर्ण ग्रंथी काढायची, नाहीतर रेडिएशन. रेडिएशनला काही आठवडे रोज नागपूर.
दादांनी कुं.ला फोन केला. मला नाही. काहीच इलाज करत नाही म्हणाले. रडली. मग मला म्हणाली, "आता खुश? खरं बोलले न? जा, छापा."
डॉ.ना फोन केला. "थांबणं योग्य नाही," एवढंच. पुन्हा निवडीचं विचारलं. "पेशंटनं स्वतः येऊन, सीझन सोडतो म्हणावं. मग बघू."

५ ऑक्टो., रविवार
दुपारी सौंदड. समाजमंदिरात तालीम. मला बघून दादांनी हात वर करून पेटी थांबवली. "हे आमचे जवाई. इलाजाच्या लाइनीत माहा नंबर लागला होता. यायनंच काढला."
पोरं हसली. एकानं खुर्ची दिली, तीही हसतच.
म्हणालो, "दादा, हे एक वर्ष सोडा. डॉ. अजून ऐकतील."
"आन् राजा कोन करन? तुम्ही?"
आणखी हशा. मग जवळ आले, आवाज खाली. तोंडाला सुपारीचा वास. "खरं सांगा. तुम्ही हो म्हनले असते, तर मी आलो असतो का?"
"नाही."
मारतील असं वाटलं. मग पेटीवाल्याला म्हणाले, "दोन मिनिटं," आणि मागच्या दारानं बाहेर गेले.
पोरं माझ्याकडे बघू लागली. पेटीवाल्यानं भाता सोडला. दादा परत आले. आले ते सरळ आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले. राजाचं तोंडपाठ वाक्य सुरू केलं, मध्येच विसरले. पुन्हा सुरू केलं.