नातीची खुशाली

सासूबाई,

नमस्कार लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं सासूबाई.

पाठदुखीच्या गोळ्यांचं मला व्यसन लागलं, हे खरं. पण दिवस राहिल्यावर मी आपल्या पायांनी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी व्यसनावरचं औषध सुरू केलं आणि तुमच्यादेखत बजावलं, "हे मध्येच तोडायचं नाही, बाळाच्या जिवावर बेतेल." तरी सातव्या महिन्यात तुम्ही ते बेसिनमध्ये ओतलंत. "माझ्या नातवंडाला विष पाजतेस?" म्हणालात. मी बाथरूमच्या फरशीवर थरथरत पडले, पोटात कळा सुरू झाल्या, आणि तुम्ही बाहेरून कडी घातलीत. शेजारणीने दार उघडून दवाखान्यात नेलं नसतं, तर आम्ही दोघीही गेलो असतो.

मुलगी झाली. पोटात लागलेली औषधाची सवय तुटल्याने सुरुवातीला ती सारखी थरथरायची, किंचाळायची. नर्सबाईंनी दिवे मंद केले, तिला माझ्या उघड्या छातीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "दूध पाज. तिचं पहिलं औषध तूच." ती निवली. माझं औषध अजून चालू आहे आणि मी ठणठणीत आहे.

तुमचे चिरंजीव विचारतात, "आई नातीसाठी झुरतेय, काय कळवू?"

मी म्हणते, "काही नाही."

काल तपासणीला गेलो, तेव्हा दीड वर्षाची लेक त्याच नर्सबाईंकडे झेपावून म्हणाली, "आजी!" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चूक सुधारली नाही.

हे वाचून तुमचं काळीज तुटेल, पण नातीची खुशालीही कळेल. तेवढंसुद्धा तुम्हाला द्यायचं नाही, म्हणून पत्र फाडतेय.

तुमच्या नातीची आई