बाबांचं शिकाऊ यान

बाबा, ऑफिसातल्या माझ्या एका मैत्रिणीने अंतराळयानाचा तो खेळ घेतलाय, मी इतकी वर्षं खेळतेय तोच. परवा डबा खाताना म्हणाली, "मला काही कळतच नाहीये यार, नुसती धडकतेय. नवशिक्यांसाठी चार गोष्टी लिहून दे ना." आज रविवार, म्हणून दुपारी लिहायला बसले. अर्धं पान झालं आणि लक्षात आलं की यातलं माझं काहीच नाही, सगळं तुमचंच आहे. मग ते पान बाजूला सारलं आणि हे घेतलं. तुम्हाला जाऊन आता नऊ वर्षं होतील.

तिला लिहिलंय की पहिले आठ दिवस लांब कुठे जाऊ नकोस. आकाश मोकळं पडलंय, अडवायला कुणी नाही, तरी जाऊ नकोस. पहिल्या स्थानकावरून उड, एक चक्कर मार आणि परत तिथेच उतर. उडायला पटकन जमतं, उतरताना रडू येतं. तिथे बटण सोडलं म्हणून यान थांबत नाही, तसंच पुढे सरकत राहतं. उलटा जोर लावून वेग मारावा लागतो, आणि तोही स्थानक अगदी समोर आल्यावर नाही, त्याच्या बरंच आधी. परत येण्याइतकं इंधन ठेवूनच पुढे जायचं. पहिलं यान जुनंच बरं, ओरखडा पडला तर जीव जळत नाही. तुमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या त्या चेपलेल्या पांढऱ्या गाडीत, काशीगावच्या गल्ल्यांमधून, तुम्ही लोकांना दुसरं काय शिकवत होतात? कुणी घाबरून गाडी बंद पाडायचं, "सरजी, बंद हो गई!" तुम्ही शांतपणे म्हणायचात, "होने दो. बंद गाडी से आज तक कोई मरा नहीं. फिर से चालू करो." घरी आमच्यावर खेकसणारा माणूस तो हाच का, असं मला मागच्या सीटवर बसून वाटायचं.

त्या गाडीत तुमच्या पायाशी दुसरा ब्रेक होता. मी अठरा वर्षांची, काशीमीऱ्याच्या नाक्यावर पुढचा ट्रक थांबलाय आणि माझा पाय भलतीकडेच. तुम्ही ब्रेक दाबलात. ट्रक आणि आपल्यात हातभर अंतर राहिलं. मागून हॉर्नचा नुसता गोंगाट, आणि मी रडत म्हणतेय, "बाबा, तुम्ही घ्या, मला नाही जमत." तुमचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते, ते तुम्ही हलवलेही नाहीत. "मी घेतली तर तू परत कधी धरणार नाहीस. ब्रेक माझा, स्टिअरिंग तुझं. चल, पहिला गिअर." मला तुमचा भयंकर राग आला होता. पण गाडी घरापर्यंत मीच आणली.

मग अर्धांगवायूने तुमची उजवी बाजू गेली. गाडी विकली, न्यायला माणूस आला तेव्हा तुम्ही खिडकीशी आला नाहीत. मला काही सुचेना, म्हणून माझ्या खेळाचा कंट्रोलर तुमच्या मांडीवर ठेवला आणि सगळी बटणं डाव्या हाताकडे घेऊन दिली. तेवढं एक काम मी मनापासून केलं. चार वाजता चहा झाला की तुम्ही टीव्हीसमोर बसायचात.

"याला हॉर्न कुठाय?"

"बाबा, अंतराळात हॉर्न नसतो."

"मग समोरच्याला कळणार कसं?"

आई हसून हसून बेजार व्हायची. उतरताना तुमचा डावा पाय फरशीवर दाबला जायचा, तिथे ब्रेक असल्यासारखा. पंधरा-वीस दिवस तुम्ही रोज धडकत होतात आणि रोज पुन्हा उडत होतात. आईला म्हणाला होतात, "एकदा एकट्याने उतरवू दे, मग बघ. चालवायचं विसरलो नाहीये मी."

त्या दिवशी तुम्ही स्थानकाच्या अगदी तोंडाशी होतात. मी मागे उभी होते. "धडकणार बाबा!" म्हणत मी वाकले आणि तुमच्या हातातून कंट्रोलर काढून घेतला. अर्ध्या मिनिटात यान उतरवलं. तुम्ही तळवा लेंग्याला पुसलात. "छान उतरवलंस," म्हणालात. "जा, तुझं काम असेल." त्यानंतर मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, उद्या बघू. मी आईला सांगून टाकलं की बाबांना कंटाळा आला. ती म्हणाली, "कंटाळा कसला गं? रोज सकाळी कंट्रोलर पुसून ठेवतात ते." पावसाळा संपता संपता तुम्ही गेलात.

मैत्रिणीचं पान उद्या तिला देईन. त्यात शेवटी लिहिलंय की शेजारी बसलेल्याला कंट्रोलरला हात लावू देऊ नकोस, मग यान फुटलं तरी चालेल. हे पान कुणाला द्यायचं नाही, कुठे पाठवायचं नाही. फक्त एक राहिलंय, ते आईलाही कधी सांगितलं नाही. तुम्ही धडकणार नव्हतात, बाबा. तुमचा पाय फरशीवर दाबलेला होता, अंगठ्याने वेग मागे ओढलेला होता, आणि टीव्हीवरचा वेगाचा आकडा उतरत चालला होता. मला तो दिसत होता. तुम्हाला अजून तीन-चार मिनिटं लागली असती, आणि माझा ऑफिसचा कॉल सुरू होणार होता.