काकडीच्या सँडविचला हिरवी चटणी

पार्सिपनी,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

ती. अहिल्याताईंना राजारामचा नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? (देत नसेल तर चढू नका. शैलजा असती तर हेच जास्त ठणकावून म्हणाली असती.) इकडे मी ठीक. सकाळी कपडे मशीनला लावले, दुपारी पडलो, आता लिहितो आहे. पोस्टाने वेळेत पोचणार नाही, म्हणून फोटो काढून पाठवेन.

ज्या जुन्या ब्रिटिश मालिकेपायी तुमची बहीण शनिवारी कुणाकडे जेवायला जायची नाही, ती तुम्हाला ठाऊक आहे: खेड्यातला पोस्टमास्तर, त्याची बहीण, दोघांचा जन्माचा अबोला आणि निरोप सांगायला पोपट. मला वाटायचं, हे खूळ आमच्याच घरात. पण इथल्या लायब्ररीत शनिवारी सकाळी ती बघायला अमेरिकन म्हातारे-म्हाताऱ्या जमतात, तेही नटूनथटून! पोपटाने चोच उघडायच्या आधीच हसू लागतात. शैलजा गेल्यापासून मी टीव्ही लावला नव्हता. शेजारच्या डोरोथीबाईंनी (त्याही एकट्याच) मला काल ओढून नेलं. म्हणाल्या, "राज, इंग्रजांनी तुमच्यावर राज्य केलं. आमच्यात सगळ्यांत इंग्रज तूच!" लेकीने, स्वानंदीने, त्यांचीच बाजू घेतली. "बाबा, प्लीज जा. घरात बसून तुम्ही फर्निचर होत चाललाय."

येताना काकडीची सँडविचेस आणायला सांगितली होती. मी आपली घरच्यासारखी केली. लोणी, काकडी आणि शैलजाची हिरवी चटणी. मिरच्या तिच्याच मापाने, म्हणजे मूठभर. पोपट आजारी पडतो तो भाग चालू होता (त्यात रडण्यासारखं काही नाही, तो नाटक करत असतो). बो टाय लावून आलेल्या वॉल्टर नावाच्या गृहस्थांनी पहिला घास घेतला आणि डोळ्यांतून धारा! बायकोने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, मग तिनेही घास घेतला. मग मागची रांग. थोड्याच वेळात अख्खी खोली पोपटासाठी रडत होती. लायब्ररीवाल्या बाई टिश्यूंचा खोका घेऊन धावल्या, "किती हळवी माणसं!" म्हणाल्या आणि स्वतःही एक सँडविच उचललं.

शेवटी वॉल्टरनी नाक पुसत विचारलं, "इंग्लंडमध्ये अशीच करतात?" 'नाही' म्हटलं असतं तर पुढे बोलावं लागलं असतं. मी मान डोलावली.

"तरीच तिकडचे लोक चेहरा इतका गंभीर ठेवतात," ते म्हणाले आणि दुसरं उचललं. मला खूप हसू आलं. सवयीने बाजूला बघितलं, आणि ते तिथेच थांबलं.

तुमचा,
राजाराम

ता. क. पुढच्या शनिवारी, धनत्रयोदशीला, शेवटचा भाग आहे. तो आम्ही पाहिलेला नाही. शैलजाने गेल्या दिवाळीसाठी राखून ठेवला होता, आणि दिवाळीआधीच ती गेली.

आणखी एक. गुडघ्याची चौकशी खरीच होती, पण पत्र यासाठी लिहिलं: कधी हसायचं ते मला तिच्याकडे बघून कळायचं, आणि तुमचं हसणं हुबेहूब तिचं (स्वानंदीच्या लग्नात भटजी दचकले होते). तुमच्याकडे तेव्हा संध्याकाळ असेल. व्हिडिओ कॉल लावू का? अगदी मोठ्याने हसा. या लायब्ररीत चालतं.

स्वानंदी बाहेर गेली आहे. आज पुन्हा चटणी वाटून पाहिली, या वेळी शैलजाच्या चवीची जमली. आता मिक्सरचं भांडं घासून पालथं घालतो.