बैजिक भूमितीशिवाय

६ ऑक्टोबर, सोमवार
ठरलं. सोळा डिसेंबरला गेन्रिख साव्विच सरांच्या सेमिनारमध्ये मी बोलणार. विषय सुपरमॅनिफोल्ड, म्हणजे नेहमीच्या दिशांखेरीज आणखी विचित्र दिशा असलेली जागा. बोलणं पटलं तर प्रबंधासाठी ते मला घेतील. नाहीतर काँक्रीटची कंपनं मोजणाऱ्या विभागात दोन जागा रिकाम्या आहेत, यादी डीनच्या दाराला लावलेलीच आहे.
विषय मागताना एक वाक्य जास्त बोलले. हे सगळं मी बैजिक भूमितीशिवाय मांडीन, असं. सर चष्मा पुसत म्हणाले, "बघू या, तायसिया पाव्लोव्ना." त्यांना आवडलं असावं.
बैजिक भूमितीची मला भीती वाटत नाही. आवडीनिवडीचा प्रश्न आहे.

७ ऑक्टोबर
सुपरमॅनिफोल्डचं पुस्तक २८४ पानांचं. दिवस एकाहत्तर. रोज चार पानं. चोख बसतं.

९ ऑक्टोबर
चौथ्या पानावर आहे. नेहमीच्या कोऑर्डिनेटच्या जोडीला काही विषम कोऑर्डिनेट असतात. दोन विषमांचा क्रम बदलला की गुणाकार उणे होतो. एखाद्याला स्वतःनेच गुणलं की शून्य. इथवर ठीक. मग लिहिलंय, विषम दिशेला बिंदू नसतात.
बिंदू नसतील तर उभं कुठे राहायचं?

१२ ऑक्टोबर, रविवार
बाबांचा फोन. कितवं पान, विचारलं. चौथं. बाबा खूश झाले, घाई करत नाहीस म्हणाले.
आम्ही उत्तरेला हवामान केंद्रावर राहायचो, शाळा नव्वद किलोमीटरवर. सातवीपर्यंत बाबांनी आणि कापा आत्याने घरीच शिकवलं. नियम एकच होता. न समजलेलं पान उलटायचं नाही. तो मी आजतागायत मोडलेला नाही. हॉस्टेलमधल्या किती जणी असं म्हणू शकतील?

१७ ऑक्टोबर
कोबी खारवला. बरणीतल्या ताटलीवर ठेवायला वजन मिळेना. शेवटी माझं बैजिक भूमितीचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं आणि बरणी बाल्कनीत नेली. गेल्या जूनच्या परीक्षेसाठी घेतलं होतं. बारा पानांपुढे नवंकोरं आहे.
खोलीतली रिम्मा याच विषयात पीएच.डी. करते. बघून म्हणाली, "चला, तायका, या पुस्तकामुळे तुझं काहीतरी मुरणार तर."


२ नोव्हेंबर, रविवार
पान चौथं. बाबांना तसंच सांगितलं.
रिम्मा म्हणते तुझं अडलंय ते तासाभरात समजावते. नको म्हटलं. सरांना शब्द दिलाय. ती म्हणाली, शब्द द्यायच्या आधी जूनचा निकाल तरी आठवायचा होतास.
त्या परीक्षेत मी नापास झाले हे खरं, पण चुकले नव्हते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण खात्रीचं होईपर्यंत वेळ संपला, इतकंच.

८ नोव्हेंबर
कॅन्टीनच्या रांगेत माझ्यापुढच्या दोन बायकांनी जागांची अदलाबदल केली. तोंडातून "उणे" निघून गेलं. त्यातल्या एकीने ते स्वतःला लावून घेतलं. माफी मागितली. सूप घेतल्यावर वाटलं, नीट मागितली नाही. परत जाऊन मागितली. ती म्हणाली, "बाई गं, जेवू दे."

२० नोव्हेंबर
सुटलं! बिंदू सोडूनच द्यायचे. जागेच्या प्रत्येक तुकड्यावर फक्त फंक्शनं ठेवायची. दोन तुकडे जिथे एकमेकांवर येतात तिथे ती जुळली पाहिजेत. जुळली की सगळी मिळून एकसंध शिवता येतात. कापा आत्याच्या ठिगळांच्या गोधडीसारखं. नावही तेच ठेवलं, गोधडी.
कुणाचीही मदत न घेता. बैजिक भूमितीचा वाराही न लागू देता.
रिम्मा मागून वाचत होती. तिने तोंड उघडलं तसा मी वहीवर हात ठेवला. सूचना घेतली तर ते प्रामाणिक होणार नाही. तीन वेळा ती बोलायला गेली, तीन वेळा थांबवलं. शेवटी हसत चहा करायला गेली. जळते, दुसरं काय.

११ डिसेंबर
गोधडीवर बेचाळीस पानं झाली. प्रत्येक पायरी तीनदा तपासली. सुपरमॅनिफोल्ड शेवटच्या पाच मिनिटांत. पाया पक्का असला की वरचं आपोआप उभं राहतं.

१६ डिसेंबर, मंगळवार
सरांच्या सेमिनारची रीत अशी की बोलणाऱ्याला कुणीही, कुठल्याही शब्दावर थांबवावं, आणि त्याचं समाधान होईपर्यंत पुढे जायचं नाही. मला दीड तास कुणीच थांबवलं नाही. मला वाटलं, भारावलेत.
मग सर म्हणाले, "थांबा. ही गोधडी कुणाकडून शिकलात?"
कुणाकडून नाही, म्हटलं. माझीच आहे.
सर मागच्या बाकाकडे वळले. "रिम्मा, तुम्ही ओळखता का या गोधडीला?"
"ओळखते, गेन्रिख साव्विच," रिम्मा म्हणाली. "जग तिला शीफ म्हणतं, बैजिक भूमितीतली जुनीच गोष्ट. तायकाने कोबीवर ठेवलंय ना, त्याच बैजिक भूमितीच्या पुस्तकात आहे. तेराव्या पानावर."
लोक हसले. आपुलकीने असावं.
सर हसले नाहीत. इतरांना वर्षं लागली ते तुम्ही एकटीने केलंत, म्हणाले. मी खडू खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, "आणि सुपरमॅनिफोल्ड कुठाय?"
फळ्यावर जागा उरली नव्हती.
निकाल असा. जानेवारीत बैजिक भूमितीची परीक्षा पुन्हा द्यायची. पास झाले तर सर घेतील. तोवर काँक्रीटच्या यादीत नाव पेन्सिलीने लिहून ठेवतील. परीक्षा घेणार रिम्मा.

२१ डिसेंबर, रविवार
पुस्तक बरणीवरून उतरवलं. पिशवीला भोक होतं.
बाबांचा फोन. कितवं पान? बारावं, म्हटलं. चारवरून एकदम बारा! बाबांनी आत्याला हाक मारून सांगितलं. पुस्तक कुठलं ते त्यांनी विचारलं नाही, मीही आपणहून बोलले नाही. याची टोचणी आहे.
बारावं आणि तेरावं पान खाऱ्या पाण्याने एकमेकांना चिकटलंय. हीटरवर ठेवलंय. सुकेपर्यंत उलटता येणार नाही, आणि यात माझा काहीच दोष नाही.